आत्याने स्वतः भरलेला फॉर्म

आमची आत्या पँटी आखूड करते, चेन बदलून देते आणि गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की कपडा तसाच त्याच्या हातात परत देते. नवरा सोडून गेला त्याच वर्षी तिने स्वतःचा विमा उतरवला आणि वारस म्हणून मुलीचं नाव घातलं. "उद्या मी गेले तर हिला कुणाच्या दारात उभं राहायला नको," एवढंच तिचं म्हणणं. नऊ वर्षांत एक हप्ता चुकला नाही.

मग तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. चार महिने शिलाई मशीन बंद. हप्ते राहिले, वाढीव मुदतही उलटली आणि पॉलिसी बंद पडल्याचं पत्र आलं. अंथरुणातून उठल्या उठल्या आत्याने एजंटला बोलावून घेतलं.

थकलेले हप्ते व्याजासकट भरले की पॉलिसी पुन्हा सुरू होते, असं तो म्हणाला. फॉर्मही भरूनच आणला होता, फक्त सही करायची. पण आत्या दुधाचं बिलसुद्धा वाचल्याशिवाय ठेवत नाही.

"मधल्या काळात आजार किंवा ऑपरेशन? नाही," तिने मोठ्याने वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"ताई, सगळे असंच लिहितात. खरं लिहिलंत तर तपासण्या लावतील, कदाचित नकारही देतील. कोण बघतंय?"

"आज कुणी नाही बघणार. मी मेल्यावर बघतील. हॉस्पिटलचे कागद काढतील आणि माझ्या पोरीला सांगतील, तुझी आई खोटं बोलली, जा घरी. तेव्हा तुम्ही येणार आहात तिच्याबरोबर?"

एजंटने भरून आणलेला फॉर्म परत बॅगेत घातला. मला अगदी मनापासून आनंद झाला.

आत्याने कोरा फॉर्म मागून घेतला, ऑपरेशनची तारीख लिहिली, डॉक्टरांचे कागद जोडले आणि स्वतः ऑफिसात नेऊन दिला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पोच नंतर मिळेल. "मला घाई नाही," म्हणून आत्या तिथल्याच बाकावर बसली, ती शिक्का मारलेली पोच हातात पडल्यावरच उठली.

तपासणी दोनदा झाली. सहा आठवडे आमचा जीव टांगणीला लागला होता. मग पत्र आलं. पॉलिसी चालू, पण हप्ता जवळजवळ दीडपट. खरं बोलल्याचा हा दंड? माझं डोकंच फिरलं.

"असू दे," आत्या म्हणाली आणि तिने पत्र मुलीच्या हातात दिलं. "चार पँटी जास्त आखूड करीन. पण हे पैसे मागायला जाशील तेव्हा मान खाली घालायची नाही. तुझ्या आईने काही लपवलेलं नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय?" आत्या खेकसली. "मरायला वेळ कुणाला आहे इथे?"