व तत्सम

या जगात आजवर जेवढी भांडणं पेटली, राज्यं बुडाली आणि सोयरिकी मोडल्या, ते सगळं मसुदा कच्चा असल्यामुळे, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे. आणि देवाची करणी अशी की मी माझी एकुलती एक लेक नेमकी त्याच्याच घरात दिली. इतरत्र ज्याला व्याही म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडातली माणसं इवाई म्हणतो. तर हे माझे इवाई. बाभुळगावच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून यांनी चौतीस वर्षं अर्ज लिहिले. फेरफाराचे अर्ज, रेशनकार्डाचे अर्ज, बायको माहेरून परत येत नाही म्हणून सासऱ्याला पाठवायचे अर्ज. एका म्हातारीला त्यांनी पावसासाठी अर्ज लिहून दिला होता आणि ‘प्रति’ या शब्दापुढे कोणाचं नाव घालावं यावर दोन तास विचार केला होता, असं सांगतात. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, “दोन तास नाही, सव्वा तास. अन् पाऊस आला थ्या वर्षी.”

त्यांचा सगळा जीव दोन शब्दांत होता: ‘व तत्सम’. माणसाला जगातली सगळी नावं आठवत नाहीत, म्हणून शहाण्या माणसानं चार नावं लिहून पुढे ‘व तत्सम’ लिहावं, म्हणजे कोणी निसटत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी स्थळ पाहायला गेलो तर फाटकावर पाटी: ‘कुत्रा, कोंबडा व तत्सम यांपासून सावध राहावे.’ मी हसलो. कुत्रा झोपलेला होता. कोंबड्याने मला विहिरीपर्यंत पळवलं. इवाई ओसरीवरून शांतपणे म्हणाले, “पाटी वाचली नाही काय तुमी?” लग्न ठरल्यावर त्यांनी आम्हाला लेखी कळवलं की मुलीकडच्या पन्नास पाहुण्यांची व तत्सम मंडळींची जेवणाची सोय केली आहे. आमच्याकडच्या लोकांनी त्या ‘तत्सम’चा अर्थ आपापल्या सोयीने लावला आणि माझ्या चुलतभावाने अख्खी गल्ली आणली, बँडवाल्याच्या सासूसकट. मी घामाघूम. इवाई मात्र मांडवाच्या तोंडाशी उभे राहून हात दाखवत होते, “पाव्हने डाव्या पंगतीत, तत्सम उजव्या पंगतीत!” वरणभात कोणालाही कमी पडला नाही. लिहिलं ते पाळलं पाहिजे, हा त्यांचा बाणा, आणि तिथून मी त्यांना मानू लागलो.

घरातही तेच. भाजीत मीठ कमी पडलं तर आमच्या विहीणबाईंना ‘कारणे दाखवा’ म्हणायचे. विहीणबाई काही कच्च्या नाहीत. त्या म्हणतात, “यायच्याशी भांडाचं म्हन्जे आधी कोर्ट फीचं तिकीट लावा लागते. मी नाही लावत. मंग यायचा अर्ज तसाच पडून राह्यते.” सदऱ्याच्या उजव्या खिशात पेन आणि डाव्या खिशात रबर गुंडाळलेली खर्र्याची पन्नी, हा इवाईंचा गणवेश. खर्रा म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने घोटघोट घोटायचं. त्यावर सरकारने कधीचीच बंदी घातली आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बंदीची चर्चा खर्रा घोटता घोटताच होते. इवाईंचं म्हणणं, खर्रा घोटल्याशिवाय मजकूर सुटत नाही. कोणाचंही दुःख ऐकताना त्यांचा अंगठा पन्नीवर गोल गोल फिरत असे, आणि तो थांबला की अर्जदाराने समजावं, पहिलं वाक्य सापडलं.

अशा या माणसाच्या गावात दोन वर्षांपूर्वी एक पुडी आली. गांजा नाही, दारू नाही, कुठल्या तरी कारखान्यात तयार झालेली पांढरी भुकटी. नाव ‘झनझन’. विकायचा गजू. गजूचं मोबाइल रिचार्जचं दुकान ग्रामपंचायतीच्याच गाळ्यात, हनुमानाच्या देवळासमोर. सुरुवातीला लोक हसले. मग एका भर दुपारी गावाला चक्कीचा आवाज आला. चक्की इवाईंच्या पुतण्याची, दिगंबरची. बापामागे इवाईंनीच वाढवलेला, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. पण तो आवाज दळणाचा नव्हता. आत दाणा नसताना चक्की फिरत होती. दगडावर दगड घासला जातो तेव्हा तो आवाज दातांतून आत शिरतो. गावातली कुत्री ओरडायला लागली. इवाई जेवणावरून उठून धावले. दिगंबर पिठाच्या डब्यावर बसून रिकाम्या चक्कीकडे पाहत हसत होता आणि काकाला ओळखत नव्हता. आठ दिवस तो यवतमाळच्या दवाखान्यात होता. त्या आठ दिवसांत इवाईंनी एकही अर्ज लिहिला नाही. तिथेच, माझ्या घरी मुक्कामाला होते. एकदाच म्हणाले, “इवाई, पोट्टं माह्याकडं पाहून हासत होतं. अन् थो थ्या हासन्यात नव्हता.”

दिगंबरजवळ सापडलेली पुडी पोलिसांकडे गेली, तपासणीला गेली आणि उत्तर आलं की यातला पदार्थ बंदीच्या यादीत नाही. ठाणेदार भला माणूस होता. म्हणाला, “काकाजी, हे लोक एखादा अणू इकडचा तिकडं करतात आणि नवीन पदार्थ तयार होतो. यादी मागून येते.” मग ग्रामसभेने आपला ठराव केला: गावात ‘झनझन’ विकायला बंदी. गजूने सही केली, अगदी हसत. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे ‘रॉकेट’ आलं. गावाने रॉकेटवर बंदी घातली, तर तीच भुकटी ‘पूजेचा धूप’ म्हणून आली, वर ‘खाण्यासाठी नाही’ असं छापून. गजू पंचायतीच्या फळ्यावरच्या ठरावाकडे बोट दाखवायचा, “जे लिवलं थे मी इकत नाही. वाचून पाहा.”

हे ऐकून इवाई पेटले. पुडीचा राग होताच; पण मसुद्यातल्या भोकातून कोणी राजरोस ये-जा करतं, हा त्यांच्या चौतीस वर्षांच्या कडुनिंबाचा अपमान होता. “कायदा सरकारचा हाय, पन गाळा तं आपला हाय!” म्हणाले आणि खोलीचं दार लावून बसले. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, “बाबा, तुम्ही या. मामंजी जेवत नाहीत. ‘पदार्थ’ लिहावं की ‘द्रव्य’, यावर आरशाशी भांडून राहिले.” मी गेलो तो थेट ग्रामसभेतच पोचलो.

देवळासमोर सतरंज्या टाकलेल्या, सगळं गाव जमलेलं. इवाई उभे राहिले, खर्रा तोंडात टाकला आणि एका दमात वाचलं: “नाव काहीही असो, रंग काहीही असो, पुडीवर काहीही छापलेले असो, जो पदार्थ चघळून, ओढून, हुंगून, गिळून वा तत्सम रीतीने घेतला असता माणसाला त्याच्याविना करमेनासे करतो व अंती त्याच्या देहाची नासाडी करतो, असा कोणताही पदार्थ या गावात कोणी विकणार नाही व घेणार नाही. विकणाऱ्यास पंचायतीचा गाळा मिळणार नाही. असल्यास राहणार नाही.” अहाहा! ‘असल्यास राहणार नाही’ला मी टाळी वाजवली. मला मत नव्हतं, पण टाळीला कोण अडवतं?

तेवढ्यात एक आजी उठली, “अन् च्या? मले च्याबिगर करमत नाही.”

सभा हसली. इवाईही हसले आणि, हाय रे दैवा, चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिल्यावाचून बोलले. “आजी, च्यानं कोनाचा जबडा गेला काय?”

गजू ताडकन उठला. गोड आवाजात म्हणाला, “मंग कायनं जाते काकाजी जबडा? तुमच्या तोंडात काय हाय आता?”

सतरंजीवरच्या निम्म्या पुरुषांचे गाल फुगलेले होते आणि तोंड उघडणं कोणालाच परवडणारं नव्हतं. गजू सगळ्यांकडे वळला, “काकाजीच्या ठरावात खर्रा बसते. चघळून घेतल्या जाते, करमत नाही, देहाची नासाडी होते. करा हात वर, ज्याले ज्याले खर्रा सोडाचा हाय!”

एकही हात हलला नाही. ठराव डोळ्यांदेखत बुडत होता. सरपंचबाईंनी समजुतीने सुचवलं, “काकाजी, ‘खर्रा वगळून’ असं लिवून टाका ना. भानगडच नाही.” सगळे फुगलेले गाल जोरजोराने हलले. मीसुद्धा मान हलवली, कारण माझ्याही खिशात पन्नी होती. इवाईंनी पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, लिहितात. मागच्या खांबाला टेकून दिगंबर बसला होता, दवाखान्यातून आल्यावर निम्मा झालेला. इवाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“वगळून,” ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, “वगळून. बाई, वगळून लिवलं का मसुद्याले भोक पडते. आज त्यातून माहा खर्रा जाते. उद्या त्याच्यामांगं गजूची पुडी जाते. अन् तिच्यामांगं माहा दिगंबर जाते.” ते देवळाच्या कोपऱ्यात गेले, थुंकले, चूळ भरली, परत आले. डाव्या खिशातली पन्नी काढून टेबलावर ठेवली, अगदी सरळ, जशी कोर्टात वस्तू दाखल करतात तशी. “हा माहा तत्सम. मांडा ठरावात.”

मग दिगंबर उठला. त्याने आपली पन्नी काकाच्या पन्नीशेजारी ठेवली. मग त्याचा शेजारी. मग रांगच लागली. देवळाच्या कोपऱ्यात चूळ भरायला एवढी गर्दी की पुजारी ओरडायला लागला. ती आजी काठी आपटत म्हणाली, “जाऊ द्या, माहा च्या वाचला.” हात वर झाले. इवाईंनी चष्म्यावरून माझ्या खिशाकडे पाहिलं. मी म्हणालो, “इवाई, मी तं बाहेरगावचा.” म्हणाले, “ठरावात ‘या गावात’ लिवलं हाय. उभे कुठं हा तुमी?” मी पन्नी ठेवली. महिन्याच्या आत गजूचा गाळा रिकामा झाला. त्याने जाण्याआधी ठराव चार वेळा वाचला म्हणे, भोक सापडेना.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांनी काही पाळलं नाही. ‘या गावात’ याचा अर्थ गावानेही बरोबर ओळखला, आणि पुढे कित्येक दिवस संध्याकाळी शिवेच्या दगडापलीकडे सात-आठ माणसं एका ओळीत उभी राहून गाल हलवताना दिसायची. इवाई मात्र शिवेपर्यंतही गेले नाहीत. पहिले पंधरा दिवस घराने सोसले. बडीशेप, लवंगा, पेनांची टोपणं चावून झाली. कुकरच्या शिटीविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली, आणि विहीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अर्ज मंजूर करून आठ दिवस पातेल्यात भात शिजवला. आज त्या ठरावाची नक्कल न्यायला घाटंजीकडून, पार उमरखेडकडून माणसं येतात. इवाई प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहून देतात. कोणी हळूच विचारतो, “काकाजी, खर्रा वगळून देता काय?” ते कागद परत मागून घेतात. यवतमाळात कोणी मला माझी ओळख विचारली तर मी हल्ली नाव, गाव काही सांगत नाही. ‘त्या ठराववाल्यांचा इवाई’ म्हणतो, आणि जरा ताठ उभा राहतो.

मागच्या आठवड्यात गेलो होतो. दुपारचे ओसरीवर बसलो होतो. कोंबडा आता म्हातारा झाला आहे, नुसता पाहतो. इवाई मला ‘सबब’ आणि ‘म्हणून’ यांतला फरक समजावत होते आणि बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर गोल गोल फिरत होता. तळहात रिकामा होता. माझं लक्ष गेलेलं पाहून त्यांनी हात मांडीखाली घेतला, पोरासारखा. मी भलतीकडे पाहिलं. तेवढ्यात चक्की सुरू झाली. इवाई वाक्याच्या मधेच थांबले. बोट वर केलं, डोळे मिटले, मान किंचित त्या बाजूला झुकवली. लेकीने मला सांगितलंच होतं की मामंजी रोज असंच करतात, घास हातात असला तर घास हातातच राहतो. चक्कीची घरघर जड, भरलेली, एकसारखी येत होती.

“दाना हाय,” ते म्हणाले, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागले.