स्क्रूवाले मामा

भूकंपाची इतक्या मनापासून तयारी केलेला माणूस उभ्या जोयडा तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका आमच्या हिचा सख्खा मामा निघावा! रामनगरात हमरस्त्याला लागून त्यांचं घर. मामींचे पाय गेले, त्या कायमच्या खाटेवर आल्या, तेव्हापासून मामांच्या हातात ड्रिल मशीन आलं ते आलंच. "घर ऱ्हातंय हुबं जावईबापू, आतलं सामान जीव घेतंय," असं ते मला दर भेटीत बजावतात. "भुई हालली तर तुमी पळशिला. हिनं काय करायचं?"

म्हणून त्या घरात जे जे पडू शकतं ते ते जखडलेलं आहे. कपाट भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी, सिलिंडर साखळीनं. फळीवरच्या डब्यांपुढे आडवी तार, त्यामुळे चहाला साखर हवी तर आधी तार सोडा! मामांच्या दिवंगत वडिलांचा फोटो चारी कोपऱ्यांना स्क्रू मारून बसवलाय; जिवंतपणी ते इतके स्थिर कधी बसले नव्हते, असं मामीच सांगतात. एकदा हॉटेलात मामांनी मला ऐन भज्यांवरून उठवलं, कारण माझ्या डोक्यावर बरण्यांची फळी होती. "खावा की, पर तिकडं बसून खावा!" हॉटेलवाल्यानं कपाळाला हात लावला.

गेल्या चवथीला तर कहर झाला. मामींना पडल्या पडल्या दिसावा म्हणून गणपती त्यांच्याच खोलीत बसवला होता. वर माटोळी, म्हणजे नारळ, सुपारीचे घड, काकड्या, रानफळं टांगलेली लाकडी चौकट. तीही मामांनी तारेनं आवळलेली. उत्तरपूजा झाली. मूर्ती जागची जराशी हलवली की देव निघाला म्हणायचं, अशी रीत. भटजींनी पाट धरला. हलेना! मी हात लावला. "मोरया!" पुन्हा जोर. छे! देव कोपला म्हणून हिनं थोबाडीत मारून घेतल्या.

"स्क्रू मारल्यात," कोपऱ्यातून मामा पुटपुटले. "पाट चौरंगाला, चौरंग भिताडाला."

मामी हसून हसून बेजार. "अवं, देवाला बी माझ्यावानी बसवून ठिवलासा व्हय!"

मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चौरंगाखाली शिरले, तोच रस्त्यावरून एक अवजड ट्रक धडधडत गेला. तावदानं वाजली, माटोळी थरथरली. मामांच्या शिकवणीनं आमची मनं आधीच तयार! "भूकंप!" भटजीच ओरडले, आणि आम्ही सगळे धोतर-साड्या सावरत थेट अंगणात. तिथून ट्रकची पाठ दिसली तेव्हा कुठे हसू फुटलं. हसत हसतच मी खिडकीतून आत पाहिलं. माटोळीची एक सुपारीदेखील पडली नव्हती. मामा मात्र खाटेवर ओणवे झाले होते, मामींच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात रोवून, पाठ वर करून.

"अवं उठा, ट्रक हाय," मामी म्हणाल्या.

"असू दे. जरा थांबतो."

मी खिडकीपासून मागे सरलो. इतक्या मायेनं कुणी कुणाला झाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भटजीही पायरीवर बसून राहिले. आत जायची घाई कुणीच केली नाही.