रत्नाताईंचा टकला सायप्रस

बोनसायची माती एकदा घरात आली की कुठेही सापडते. सोफ्याच्या फटीत, मोज्यात, एकदा तर माझ्या कीबोर्डच्या बटणांखाली. आमच्या झाडांच्या ग्रुपचे किस्से तसेच. मुद्दाम कोणी जमवत नाही, झटकायला गेलं की निघतात.

ग्रुप म्हणजे काय, नॉर्थ यॉर्कच्या एकाच कॉन्डो बिल्डिंगमधली आम्ही तीन माणसं. मी, पुण्याचा, दिवसभर सॉफ्टवेअर. डग, इथलाच, रिटायर्ड प्लंबर. आणि रत्नाताई मेश्राम, नागपूरच्या, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. ग्रुप तिघांचा असला तरी किस्से बहुतेक ताईंचेच!

*

रिटायर झाल्यावर त्यांच्या मुलाने, रोहनने, त्यांना बॉर्डरपलीकडे, पार दक्षिणेला लुइझियानाला फिरायला नेलं. तिथे दलदलीत उभी असलेली बाल्ड सायप्रसची झाडं त्यांनी पाहिली. बुंधा पाण्यापाशी घागऱ्यासारखा पसरलेला, शेंडा वर सपाट. आणि हिवाळ्यात सगळी पानं टाकून पूर्ण टकला.

परत आल्या त्या ठरवूनच. याचं बोनसाय करायचं. तेही नर्सरीतलं रोप आणून नाही, दलदलीतला जुना बुंधा काढून.

बोनसाय क्लबातले जाणते म्हणाले, हे दक्षिणेचं झाड, इथल्या थंडीत कुंडीत त्याची मुळं गोठतील. रोहन म्हणाला, आई, बी रिअलिस्टिक. शेवटी भास्करराव, म्हणजे ताईंचे यजमान, समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, या वयात लोक बोधगयेला जातात."

"जाऊन आले ना," ताई म्हणाल्या. "आता दलदल."

*

डगच्या मेहुण्याची तिकडे जमीन होती. त्याला नाला रुंद करायचा होता, म्हणजे काठची झाडं तशीही बुलडोझरखाली जाणार होती. लागतील तेवढी घेऊन जा, म्हणाला. फेब्रुवारीत आम्ही तिघं डगच्या ट्रकमधून निघालो.

मेहुणा मोठा अदबशीर माणूस. त्याने ताईंना ट्रकमध्येच बसायला सांगितलं, थर्मासमधून कॉफी दिली आणि आम्हा पुरुषांना बाजूला घेऊन पाणी किती खोल, चिखल कुठे धरतो, मगरी कुठे असतात ते समजावू लागला. या दिवसांत गारठ्याने मगरी सुस्त असतात, फारशी काळजी नको, असंही म्हणाला. मी ते फारच लक्ष देऊन ऐकत होतो.

तेवढ्यात मागून करवतीचा आवाज आला. ताई पंजाबी ड्रेसवर छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून मांडीभर पाण्यात उभ्या होत्या, आणि एका बुंध्याचा वरचा भाग अर्धा कापून झाला होता.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून उभा आहेस रे तिथे? मगरी सुस्त आहेत म्हणाला ना तो. तू पण?"

*

बाल्ड सायप्रसचा बुंधा असा आणला की त्याला झाड म्हणायला धीर लागतो. कमरेएवढ्या उंचीवर कापलेला. फांदी नाही, पान नाही. खालची मुळंही सपाट छाटलेली. माती तर बॉर्डरवरून नेताच येत नाही म्हणून सगळी धुऊन काढलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये आडवा ठेवला होता.

कागदपत्रं डगने चोख केली होती. पण बॉर्डरवरच्या ऑफिसरला कागदांपेक्षा त्या ओंडक्याचंच कुतूहल जास्त. त्याने गोणपाट उचलून पाहिलं, खाली ठेवलं, परत उचललं. मग विचारलं, हे जिवंत आहे का?

डग घसा साफ करून सुरुवात करणार, इतक्यात मागच्या सीटवरून ताई इंग्रजीत म्हणाल्या, "मे महिन्यात कळेल. तुमचा नंबर द्या, फोन करते."

नंबर त्याने दिला नाही. पण हसला, आणि गेट उघडलं.

मे महिन्यात त्या ओंडक्याला इतके कोंब फुटले की डगने फोटो काढून आपल्या मेहुण्याला, बहिणीला आणि चुकून डेंटिस्टलाही पाठवला!

*

या झाडाला पाणी हवं म्हणजे नुसतं घालून चालत नाही. उन्हाळ्यात ते पाण्यातच उभं राहतं. ताईंनी बाल्कनीत मोठा टब ठेवला, त्यात पाणी भरलं आणि त्यात कुंडी ठेवली. महिनाभरात शेजारणीने तक्रार केली की डास होतील. ताईंनी त्याच दिवशी टबात चार गोल्डफिश सोडले.

बिल्डिंगचा मॅनेजर पाहणीला आला. नियम पाळणारा सरळ माणूस. डास एकही नाही हे त्याने मान्य केलं, मग मासे बघून जरा अडखळला. बाल्कनीत पाळीव प्राणी ठेवायला परवानगी नाही, म्हणाला.

"पाळीव नाहीत," ताई म्हणाल्या. "कामावर आहेत."

*

शरद ऋतूत झाडाची पानं विटकरी झाली आणि गळून गेली. नेमकं तेव्हाच ताईंनी ते एका मराठी कार्यक्रमात मांडलं. लोक येऊन हळहळायचे, जगलं नाही का, विचारायचे. ताई प्रत्येकाला सांगायच्या, ते दरवर्षी टकलं होतं, तुमच्यासारखं कायमचं नाही. हे शेवटचं त्या टकल्यांनाच सांगायच्या.

ओकव्हिलहून आलेले एक गृहस्थ मात्र झाडाकडे बघतच नव्हते. आडनाव ऐकल्यापासून त्यांचं दुसरंच चाललं होतं. मेश्राम म्हणजे मूळ गाव कोणतं, मग तिथे कुठल्या भागात, मग घरी काय काय पाळतात. मी शेजारी उभा होतो. ते काय विचारतायत हे मला कळत होतं, आणि माझेच कान तापले होते.

ताईंनी हातातली पाण्याची झारी खाली ठेवली.

"नागपूरचे. बौद्ध आहोत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवं होतं ते झालं. आता झाडाबद्दल विचारा."

गृहस्थांनी विचारलं, रोज पाणी घालावं लागतं का. ताईंनी त्यांना पंधरा मिनिटं सांगितलं, आणि त्यांना ते ऐकावं लागलं.

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात, मुळं गोठू नयेत म्हणून झाड बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मुक्कामाला असताना, ताईंचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हळूहळू वाढेल असंही सांगितलं. रोहन घाबरला. धारदार कात्र्या, तारा, जड कुंड्या. हे झाड आता डगला देऊन टाकू, असं त्याने सुचवलं. तेवढं एकदाच मी ताईंना गप्प पाहिलं.

रोहन त्याच संध्याकाळी डगकडे गेला. मी तिथेच होतो. डगने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, सॉरी, माझ्या बाल्कनीत जागा नाही.

आम्ही तिघंही त्याच्या बाल्कनीसमोरच बसलो होतो. तिथे फक्त एक खुर्ची होती.

*

गेल्या उन्हाळ्यात क्लबाचं प्रदर्शन झालं. बाहेरून एक नावाजलेले बोनसायवाले परीक्षक म्हणून आले होते. हॉल भरलेला. ते एकेका झाडापाशी थांबून चांगलं-वाईट सांगत होते. ताईंच्या सायप्रसपाशी आले, बराच वेळ बघत राहिले. बुंधा अप्रतिम आहे म्हणाले. पण शेंडा सपाट, तो चुकीचा. वरच्या दोन फांद्या काढल्या की निमुळतं, नीट झाड होईल. तुमची हरकत नसेल तर आत्ताच कापून दाखवतो.

असा मान कोणी नाकारत नाही. लोक फोन काढून पुढे सरकले.

ताई खुर्चीवरून उठल्या. "नाही," म्हणाल्या. "ही झाडं म्हातारी झाली की अशीच होतात. मला ते म्हातारंच हवंय."

परीक्षक तसे सभ्य होते. त्यांची नजर ताईंच्या हातावर गेली, आणि आवाज मऊ करून ते म्हणाले, पुढे हे काम तुम्हाला अवघड जाईल, म्हणून म्हटलं. मागून रोहन हळूच म्हणाला, "आई, लेट हिम." भास्करराव त्याच्या शेजारीच होते. त्यांनी रोहनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

ताईंनी परीक्षकांच्या हातातली कात्री मागून घेतली. ती घेताना टेबलावर आपटली. शेंड्याच्या बाजूला एक काडीएवढा कोंब वाकडा वाढला होता, माझ्या तर लक्षातही आला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. कात्रीचं टोक कोंबापाशी जायचं आणि निसटायचं. परत जायचं, परत निसटायचं. डग छताकडे बघत होता.

मग कट झाल्याचा बारीक आवाज आला. कोंब टेबलावर पडला. बाकीचं एक पानही हललं नव्हतं.

ताईंनी कात्री पुसली, मुठीची बाजू पुढे करून परीक्षकांना परत दिली, आणि म्हणाल्या,

"आता तुमचं झाड आणा."