लिफ्टमध्ये कोसळलेली दरड

सिंगापुरात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो: फ्रीजमध्ये आणि उसाच्या रसात. तरीही बर्फाच्या दरडीतून वाचवणारी बॅग वापरलेला आमच्या मरीन परेड वस्तीतला पहिला माणूस मीच!

त्याचं असं झालं. आमची मुक्ता युनिव्हर्सिटीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर कॅनडाच्या डोंगरात स्नोमोबाइल (म्हणजे बर्फावरची मोटारसायकल) चालवायला निघाली. मी ठाम नकार दिला. तिने वाद घातला नाही. बर्फाच्या दरडीपासून बचावाचा ऑनलाइन कोर्स केला, सामान आणलं आणि मलाच समोर बसवलं.

"बाबा, चढावर एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांनी बाजूला, सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवायचं."

"आणि एखादीची गाडी रुतली तर?"

"तिची तिने काढायची. दुसरी गाडी वर नेली, तर दरड दोघींना घेऊन खाली येते."

"बरं, हे फावडं गाडीला बांधायचं ना?"

"पाठीवर! गाडीच वाहून गेली म्हणजे?"

जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून हयात घालवलेला मी गप्प झालो. (माझ्या बायकोच्या, सुनीताच्या मते, लग्नानंतर प्रथमच.)

मग गाडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र वाळूत पुरून शोधायचा सराव करायला आम्ही बापलेक बीचवर निघालो. बॅग मी हौसेने पाठीवर घेतली.

"ते लाल हँडल ओढू नकोस हं."

"मला सेफ्टी शिकवतेस?"

लिफ्टमध्ये शेजारच्या टॅन आंटी अंड्यांचा ट्रे घेऊन शिरल्या. त्यांना जागा द्यावी म्हणून मी पट्टा जरा आवळला. तो पट्टा नव्हता!

फुर्रर्र! दरडीत माणसाला बर्फाच्या वर ठेवणारा अवाढव्य फुगा मानेमागून उगवला. मी दाराला चिकटलो, आंटी आरशाला!

"अय्यो अंकल, व्हॉट इज धिस लाह!"

मी कोपराने अलार्म दाबला. स्पीकरमधून सिक्युरिटीवाला म्हणाला, "येस अंकल, व्हॉट हॅपन?"

"अ‍ॅव्हलांच!" मी बर्फाची दरडच जाहीर केली.

त्याने विचारलं, "अंकल, यू ड्रिंक ऑलरेडी?"

मुक्ताचा आवाज मात्र थंडगार. "बाबा, धडपडू नकोस. तोंडापुढे हात धर, श्वासाला जागा राहू दे. आंटी, यू ओके? बाहेरच्या मदतीची वाट बघत बसायचं नसतं, सोबतच्यांनीच काढायचं." तिने फुग्याखालून हात घालून झडप उघडली. हवा गेली. एकही अंडं फुटलं नव्हतं! फुटला तो माझा चष्मा. त्याच संध्याकाळी मी परवानगी देऊन टाकली.

कॅनडातून तिचा फोन आला. "बाबा, आज वर गेलोच नाही. दरडीचा इशारा होता. सगळ्या हट्ट करत होत्या, मी नाही म्हटलं. आता रुसून पत्ते खेळतायत."

माझी छाती अशी फुगली! "सुनीता, पोरगी अगदी माझ्यावर गेलीय!"

"तुझ्यावर गेली असती ना," सुनीता शांतपणे म्हणाली, "तर एव्हाना हेलिकॉप्टर मागवावं लागलं असतं!"