आईचं पायी लंडन

अमेरिकेत पिस्कॅटवेला ज्या रस्त्यावर माझ्या भावाचं घर आहे, त्या रस्त्याला फुटपाथ नाही. हे कुणाला सांगितलं की उत्तर येतं, मग काय झालं, गाडी आहे ना! आहे. दोन आहेत. पण माझ्या आईला गाडी चालवता येत नाही. तिला चालता येतं. नागपुरात बाबांचा छोटा छापखाना होता. पाणीपट्टीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, गिरणीतल्या टाळेबंदीविरुद्ध तिथे पत्रकं निघायची आणि आई ती वस्तीवस्तीत पायी वाटायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. माझ्या लिहिण्यात आवाज चढलेला असतो, अशी तक्रार मी अजून ऐकते. चढू दे.

बाबा गेल्यावर दादानं आईला अमेरिकेत बोलावून घेतलं. पहिल्याच आठवड्यात ती हिरवळीच्या कडेकडेनं चालत निघाली, तर एका बाईनं गाडी थांबवून तिला विचारलं, तुम्ही हरवला आहात का? दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मराठी काकांनी करकचून ब्रेक लावला. "अहो काकू, हे काय! बसा, बसा आत!" आईला घरी पोचवून त्यांनी ओळखीच्यांच्या ग्रुपवर टाकलं की काकू रस्त्यावर दिसल्या. जणू कुणाची म्हैस सुटली होती.

"आई, इथे असं कोणी चालत नाही," दादा म्हणाला. "मी वीकेंडला तुला पार्कमध्ये ड्राइव्ह करून नेतो ना. तिथे वॉक कर."

"म्हणजे चालायसाठी गाडीत बसून जायचं?"

"हो."

"बरं बापा."

दादा वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. रात्री तो तिच्या पायांना तेल लावायचा. बाबांच्या वेळी तो वेळेवर पोचू शकला नव्हता, आणि ते त्याच्या मनातून जात नाही. म्हणून त्यानं ठरवून टाकलं: आईनं आता जावं, नागपूरचा फ्लॅट आवरावा, विकायला काढावा आणि कायमचं इकडे यावं. ग्रीन कार्डाचं तो बघणार होता. आई यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आमच्या घरात बाईच्या गप्प बसण्याला हो समजतात. पत्रकं काढणाऱ्या घरातसुद्धा.

तिला सोडायला मी जाणार होते. मी जर्सी सिटीत राहते, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते. तिकिटं मीच काढली आणि मुद्दाम लंडनला दिवसभराचा मुक्काम मध्ये ठेवला. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या मनात आलं, तर एक दिवस शहरात सोडतात. दादाला यातलं काही सांगितलं नाही. आईच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं आणि त्या घरात ते कधीच कळलं नसतं. तिला मोकळं चालायला मिळालं तर ती बोलेल, एवढंच मला वाटत होतं.

आपल्या लोकांची एक पद्धत आहे. आईवडिलांना विमानात बसवताना त्यांच्या नावानं व्हीलचेअर मागवायची. गुडघे ठणठणीत असले तरी. खुर्ची असली की रांग लागत नाही, इंग्रजी बोलावं लागत नाही, पुढचं विमान चुकत नाही. भारतात जाणाऱ्या कुठल्याही विमानाच्या दाराशी बघा, खुर्च्यांची ओळ असते, आणि त्यांत बसलेल्या बऱ्याच आया घरी दोन मजले चढून गच्चीवर पापड वाळत घालत असतात. दादानंही खुर्ची मागवली होती. नुअर्कच्या विमानतळावर तो डोळे पुसत समोर उभा होता, म्हणून आई मुकाट्यानं तीत बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आयुष्यभर मोर्च्यात पुढे चाललेल्या बाईला कुणीतरी ढकलत नेत होतं आणि ती सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. मला संताप आला. कोणावर, ते अजून नीट सांगता येत नाही.

लंडनला विमानाच्या दाराशी तिच्या नावाची पाटी घेऊन एक पंजाबी बाई खुर्चीसकट उभी होती.

"आइए आंटीजी, बैठिए."

"नहीं बेटा, मैं चलेगी," आई म्हणाली. आमचं नागपुरी हिंदी.

"बहुत लंबा है आंटीजी!"

"कितना भी लंबा रहने दो. रस्ता तो है ना?"

ती बाई हसली. "जाइए फिर. मेरी सास भी ऐसी ही है, किसी की नहीं सुनती."

रांगेत तासभर गेला. पासपोर्ट बघणारा अधिकारी तरुण होता. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानं थांबवलं आणि आईला विचारलं, लंडनमध्ये काय करणार?

"वॉक," आई म्हणाली.

"जस्ट वॉक?"

"येस. माय सन्स रोड, नो फुटपाथ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिकिटांकडे पाहिलं, पुन्हा आईच्या साडीखालच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग शिक्का मारला.

पॅडिंग्टनपर्यंत आम्ही रेल्वेनं आलो आणि तिथून पायी. स्टेशनाबाहेर आल्यावर आई थांबली ती इमारती बघायला नव्हे. ती खाली बघत होती. "केवढा रुंद आहे गं," ती म्हणाली. "आपल्याकडे यावर चार पाणीपुरीवाले बसले असते." मग तिनं पदर खोचला आणि निघाली. मोठ्या बागेतून आडवी गेली, बदकांपाशी थांबली, बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हवा छान आहे म्हटलं तर "हो ना!" असं चक्क मराठीत म्हणाली. त्यालाही ते पुरलं. मी नकाशा धरून मागे.

राजवाड्यापाशी माझं भाषण तयार होतं. कित्येक वर्षं तयार होतं. "आई, हे सगळं बघ. हे कुठून आलं? आपला कापूस, आपला शेतसारा..."

"ठाऊक आहे. त्याची पत्रकं मी वाटली आहेत. तू आधी संडास कुठे आहे ते बघ."

पार्लमेंटच्या जवळ एक मुलगी घरभाड्याच्या वाढीविरुद्ध कागद वाटत होती. माणसं तिला वळसा घालून जात होती. आई थेट तिच्यापाशी गेली, कागद घेतला, उलटसुलट केला, आणि हात पुढे करून अर्धा गठ्ठाच मागितला. ती मुलगी गांगरली, पण दिला.

"अगं, काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?"

"भाडं कमी करा. त्यात वाचायचं काय?" आणि ती सुरू झाली. "टेक, टेक. धिस इज फॉर यू."

बऱ्याच जणांनी तिचाही कागद घेतला नाही. "नागपुरातही नाही घ्यायचे," ती म्हणाली. "उभी काहून राहिली तू? धर."

व्हिसावर जगणाऱ्या आम्हा लोकांना हल्ली हातात कागद धरायचीही धास्ती बसली आहे. कोण फोटो काढेल, तो वकिलातीच्या कुठल्या खिडकीवर कोण उघडेल. जर्सी सिटीतले माझे मित्र तर घरच्या गप्पांतही म्हणतात, सोड ना यार, व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे. मी कागद धरले. ते संपेपर्यंत वाटले. आता हे लिहून छापतेही आहे.

पुलावर आलो आणि माझा फोन वाजला. दादा. आमच्या कुटुंबाच्या फोनांत एकमेकांचा ठावठिकाणा दाखवणारं ॲप त्यानंच घातलं आहे. आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि 'बोल' म्हणाली.

"आई, तुमचा डॉट नदीच्या मधोमध का दिसतोय?"

"पुलावर आहे मी."

"पुलावर? व्हीलचेअर कुठेय?"

"विमानतळावर. दुसरं कोणी बसलं असेल."

"आई, आर यू क्रेझी? तू पडलीस तर? तिथे कोण आहे तुझं?"

"आणि तुझ्याकडे पडले तर कोण आहे? तुम्ही नवरा-बायको ऑफिसात, तुझी पोरगी शाळेत, बाहेर चिटपाखरू नाही. नागपुरात पडले तर खालचा इस्त्रीवाला धावून येईल, समोरची येईल. शिव्या देईल, पण उचलेल." खाली एक लांबलचक होडी पुलाखालून चालली होती, ती पुरती जाईपर्यंत तिनं पाहिली. "ऐक. मी फ्लॅट नाही विकून राहिली. राहायलाही नाही येणार. भेटायला येईन, पोरीच्या सुट्टीत."

मग दादा एकदम लहान आवाजात म्हणाला, "मी काही कमी केलं का?"

"नाही रे राजा. तू लय केलं. म्हणून तर सांगायला इतके महिने लागले."

"आई, पण त्या बिल्डिंगला लिफ्ट नाहीये."

"मला माहिती आहे. मीच राहते तिथे."

तिनं फोन माझ्याकडे दिला आणि कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. डोळे पुसत होती की वारा लागत होता, मी विचारलं नाही.

"तू भडकवलंस तिला," दादा म्हणाला. "हा हॉल्ट तूच घेतलास ना?"

"हॉल्ट मी घेतला. भडकवायला ती काय वाळलेलं गवत आहे? पाच महिने ती तुझ्या घरात होती, एकदा तरी विचारलंस का?"

"तू विचारलंस?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. "आपण दोघांनीही नाही विचारलं. आज तिनंच सांगितलं."

त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, नागपूरला पोचलात की बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घे, चांगला, भिंतीत पक्का. मी हो म्हटलं.

पूल उतरल्यावर आई बाकावर बसली आणि बूट काढला. टाचेवर फोड आला होता, गुडघा चांगलाच सुजला होता. दादाची भीती खोटी नव्हती, हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. मी टॅक्सीचं नाव काढलं.

"टॅक्सी नको. बस आहे ना, ती बघ, दुमजली." तिनं बूट पुन्हा चढवला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि खांदा सोडून दिला. "थांब, पॅडिंग्टनला जाते का ते तू नको विचारू. मी विचारते."

थांब्यावर रांग होती. ती लंगडत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर बोटानं टकटक केलं.