आबांनी बागेला दिलेलं पाणी

नवाबाची बाग बुडवायला आमच्या आबांना अर्धा तास पुरला.

बाग नांदेडजवळ, गोदावरीच्या काठी. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. आमच्या सात पिढ्यांत पहिला बी.ए. मी (तोही उर्दूतून, हैदराबादेत राहून), आणि बागेची व्यवस्था पाहणाऱ्या मोहतमिम साहेबांकडे कारकुनाची एक जागा रिकामी होती. मुदखेडहून निघताना आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मीबी येतो. बाग तरी बघून होईल." अंगात लातूरच्या मित्राची शेरवानी असल्यामुळे मी मोठ्या मनानं हो म्हणालो.

आत शिरताच मी समजावू लागलो. वर कारंज्यांचा चौक, मधे गुलाबांचा, खाली आंब्यांचा.

"कारंजं कशापायी?"

"शोभेला, आबा."

"खाली आंबे वाळून चाललेत अन् हे पानी हवेत उडवून राहिले?"

"तुम्ही नुसतं बघा. कशाला हात लावू नका," असं बजावून मी गुलाबांच्या चौकात गेलो. तिथं साहेब गालिचा अंथरून बसले होते. वडील काय करतात, त्यांनी विचारलं. "जमीनदार हैं," मी म्हणालो. (साडेचार एकर. त्यातली दोन खडकाळ.) साहेब खूश दिसले. इतक्यात कारंजी बसली. मग गालिचा ओला झाला. मग साहेबांची एक मोजडी आंब्यांच्या दिशेनं तरंगत निघाली!

माळ्यानं आबांना धरून आणलं. धोतर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माळ्याचंच फावडं. पाटाला बांध घालून त्यांनी पाणी आंब्यांकडे वळवलं होतं. वाटेत आम्ही बसलो होतो, एवढंच.

"कौन है ये?" साहेबांनी माळ्याला विचारलं. उत्तर मी दिलं.

"मालूम नहीं, हुजूर."

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना खाली नेऊन आंब्यांची मुळं उकरून दाखवली. साहेब परतले ते हसत. आंबे का वाळतात म्हणून नवाब महिनाभर त्यांना फैलावर घेत होते.

"पटेल, ये लड़का भी मुदखेड का है. नौकरी मांगता है. तुम पहचानते हो तो रख लूं."

"न्हाई बा," आबा म्हणाले. "एवढी शिकलेली मानसं आमच्या वळखीत कुठली?"

परतीच्या गाडीत आबा समोरच्या बाकावर बसले. मुदखेड आलं तेव्हा उठले आणि अदबीनं म्हणाले, "आमी इथं उतरतो. तुमचं गाव कोणतं म्हणालात?"

आख्ख्या बी.ए.त हा प्रश्न कधी आला नव्हता.