कबुलीच्या आदल्या मंगळवारी

देवावर माझा विश्वास होता, माणसांवर नव्हता, आणि मागे असा एक काळ आला की देवावरचाही डळमळू लागला. माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने एखादं संत्रं जास्तीचं टाकलं तर ते सडकं तर नाही ना, म्हणून मी उलटून पाहते. पांढुर्ण्याला आमचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून माझी नजर आणखी बिघडली, असं यजमान म्हणतात. माझा धाकटा भाऊ मात्र अगदी भोळा सांब. लोधीखेड्याहून सौंसरला मोटारसायकलने येताना त्याला रस्त्याच्या कडेला एक माणूस रक्तबंबाळ पडलेला दिसला. धडक देणारी गाडी केव्हाच पसार झाली होती. भावाने एक ऑटो थांबवला, त्या माणसाला दवाखान्यात पोहोचवलं, आणि विचारलं तसं स्वतःचं नाव, गाव, गाडीचा नंबर सगळं सांगून घरी आला. थोड्याच दिवसांत पोलिसांत रिपोर्ट झाली की धडक यानेच दिली. जखमी माणसाची शुद्ध तोवर हरपलेली, आणि त्याच्या मोठ्या भावाचं म्हणणं एकच: धडक दिली नसती तर याने उचलून कशाला आणलं असतं?

माझ्या भावाची शिक्षक म्हणून निवड झाली होती, आणि नेमणूक पोलीस पडताळणीवर अडली होती. केस कोर्टात उभी राहिली तसे सल्ले देणारेही उभे राहिले. कोणी म्हणे, राजीनामा करा, म्हणजे आपसात मिटवून टाका, त्यांच्या हातापाया पडा. बहुतेक जण म्हणत, गुन्हा कबूल करा, दंड भरा, एका पेशीत, कोर्टाच्या एकाच तारखेत, मोकळे व्हा. आमच्याकडे लोकांना पेशीचा इतका धसका, की न केलेलंही कबूल करून येतात आणि केस मिटली म्हणून पेढे वाटतात. आम्ही लावलेला वकीलही तेच म्हणत होता. हा समोरच्यांना मिळालेला तर नाही, असं माझ्या मनात आलं. ज्या नातेवाइकाने हा वकील सुचवला, त्याच्याकडेही मी त्याच नजरेने पाहू लागले. घरात चहा देतानाही कोण काय मनात ठेवून बसलाय, याचाच विचार. शेवटी भाऊच थकला. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "ताई, करून टाकतो मी कबूल. किती दिवस असा लटकून राहू?"

पेशीच्या आदल्या मंगळवारी मी एकटीच जामसांवलीला मारुतीच्या देवळात गेले; तिथली मूर्ती आडवी पहुडलेली आहे. भक्तीने गेले असं म्हणणार नाही. मनात तक्रारच जास्त होती. माझ्या भावाने एका मरणाऱ्याला उचललं, त्याचं हे फळ देतोस, तर तुझ्या दारी यायचं कशाला, असं मी त्या पहुडलेल्या मारुतीला मनातल्या मनात चांगलं सुनावलं. मग म्हटलं, कबूल करावं की लढावं, एवढं तरी सांग. काहीही झालं नाही. फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही. तीर्थ घेऊन मी बाहेर सावलीत बसले आणि डोळ्यांना धार लागली.

शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. घरच्या माणसाचं दुखणं बरं व्हावं म्हणून जे लोक देवळात मुक्काम ठोकून राहतात, त्यांच्यातली वाटली. "काऊन रडून राहिल्या जी?" तिने विचारलं आणि आपल्या पिशवीतली फुटाण्याची पुडी माझ्यापुढे धरली. मी फुटाणे घेतले नाहीत, पण बोलत सुटले. अनोळखी माणसापुढे मन मोकळं करणं सोपं असतं म्हणतात. माझ्यासारखीलाही त्या दिवशी ते जमलं. लोधीखेड्याच्या रस्त्याचं नाव निघालं तशी तिने पुडी मिटून पिशवीत ठेवली. माझ्याकडे बघेना. ती मंदिराच्या दाराकडे पाहत राहिली. मग उठली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "कबूल नोका करू देजा बाई त्याले." एवढं बोलून ती गर्दीत गेली.

कोणाच्याही मनात आधी आलं असतं की हा देवाचा कौल. माझ्या मनात आलं, ही कोणा दुसऱ्या वकिलाने बसवलेली दलाल असेल. घरी मी कोणालाही सांगितलं नाही. पण ते वाक्य काही जाईना. दुसऱ्या दिवशी मी भावाला घेऊन सौंसरच्या कोर्टात मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे गेले. फुकट सल्ला म्हणजे कसला असणार, ही शंका होतीच. तिथे एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी पहिल्यांदाच आम्हाला सगळे रस्ते उलगडून सांगितले. कबूल केलं तर दंडावर सुटाल, पण गुन्हेगार म्हणून नोंद कायमची होईल, आणि नोकरीच्या पडताळणीत तीच आडवी येईल. नाकबूल केलं तर वेळ लागेल, पण सिद्ध त्यांना करावं लागेल, आणि तुमच्या गाडीला साधा ओरखडाही नाही. मग मी विचारलं, त्यांनी आमचंच नाव का घेतलं? त्या म्हणाल्या, "पळालेल्या गाडीवर नुकसानभरपाईचा दावा कसा लावणार? विमा उतरवलेली, नंबर माहीत असलेली गाडी हाताशी असली की पुष्कळ जण तीच पुढे करतात."

भावाने गुन्हा नाकबूल केला. पुढचे महिने कसे काढले ते माझं मला माहीत. शेवटी जखमी माणसाच्या साक्षीची तारीख आली. तो वॉकर धरून आत आला, आणि त्याला मागून आधार देत होती तीच म्हातारी. मी हिच्याजवळ सगळं बोलले होते. आता ते आमच्यावरच उलटणार, असं मी धरून चालले. पण तो माणूस माझ्या भावाकडे बोट दाखवून म्हणाला, "धडक पिकअपनं देली साहेब. या भाऊनं मले उचललं." पुढे निकाल लागला, भाऊ निर्दोष सुटला, आज तो शाळेत शिकवतो.

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर जखमी माणसाचा मोठा भाऊ त्या म्हातारीवर, म्हणजे आपल्या आईवर, तणतणत होता, की आता दावा कोणावर लावायचा, औषधपाणी कुठून करायचं. गाडी सापडली नाही तरी सरकारी मदत मिळते, रक्कम पुष्कळ कमी असते, पण मिळते, हे वकीलबाईंनी त्यांना त्यानंतर सांगितलं. म्हणजे पोराला साक्षीला आणताना त्या माउलीने सगळ्यावरच पाणी सोडलं होतं. त्या मदतीचा अर्ज भरायला माझा भाऊच त्यांच्यासोबत गेला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेरच मी तिच्याजवळ गेले. तेव्हाही मनात होतंच, आता ही आपल्याकडे काय मागेल. तिने काही मागितलं नाही. मीच विचारलं, "मंदिरात तुम्हाला खरं माहीत होतं का?" ती म्हणाली, "पोरानं सुद्दीवर आल्यावर मले सांगतलं होतं, पिकअप होती म्हणून. मोठा म्हणे, गप राह्य. मी मारुतीले तेच विचारून राहिली होती, बोलू का गप राहू. तेवढ्यात तुमी येऊन बसल्या बाजूले, रडत."

मी जागच्या जागी रडले. मी देवाला नाही नाही ते बोलले, त्याच्याकडे खूण मागितली आणि मिळाली नाही म्हणून रागावून बाहेर बसले. आणि त्याच वेळी त्याने मलाच उचलून तिच्यापुढे खूण म्हणून ठेवलं होतं. माझा स्वभाव अजून तसाच आहे, त्याचं मी काही करू शकत नाही. पण आता दर्शनाला गेले की काही मागत नाही. तू बसवशील तिथे बसते, एवढंच म्हणते, आणि बाहेर सावलीत जागा मिळेल तिथे बसते.